कायतानचा नारळ

मालवणच्या ट्रकवाल्यांना दोनच गोष्टींची धास्ती असे. एक पोलिसांची आणि दुसरी कायतान फर्नांडिसच्या नारळाची. पोलिसांचं काहीतरी जमवता येई. नारळाचं काही केल्या जमवता येत नसे.

कुंभारमाठाच्या पठारावरून मालवणात उतरणारी घाटी जिथं संपते, तिथं रस्त्याच्या कडेला कायतानची शेड होती. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांचं कौलारू छप्पर आणि बाजूलाच घर. बागायतदारांचा माल घाटावर धाडायला गाड्या ठरवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. स्वतःची गाडी एकही नाही. तरुणपणी गोव्यात दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या होत्या, त्यातली एक दरीत जाता जाता राहिली होती, आणि तेव्हापासून ब्रेक हा त्याच्या डोक्यात बसलेला विषय होता. जेवायला बसला तरी तो ब्रेकवर बोले. बायको रोझालिना म्हणे, देवानं ह्या माणसाला जिभेचा ब्रेक द्यायचा राहून गेला.

त्याची पद्धत अशी. गाडी वर पठारावर पुरती भरायची, दोरखंड आवळायचे आणि तशी भरलेलीच घाटीवरून खाली आणायची. खाली शेडसमोर रस्त्याच्या मधोमध कायतान एक सोललेला नारळ ठेवी. ड्रायव्हरनं पुढचं चाक त्या नारळाला आणून टेकवायचं. नारळ फुटता कामा नये आणि हातानं ओढून निघताही कामा नये. अलीकडे थांबला तर ड्रायव्हर कच्चा, पलीकडे गेला तर ब्रेक कच्चा. दोहोंपैकी काही झालं तरी माल उतरवून घ्यायचा आणि दुसरी गाडी बघायची. ड्रायव्हर कुरकुरत. रिकाम्या गाडीनं परीक्षा घे, भरलेली गाडी खाली आणायची आणि पुन्हा वर चढवायची म्हणजे डिझेलचा सत्यानाश, असं म्हणत.

"रिकामी गाडी माझी रोझालिनापण थांबयत," कायतान म्हणे. त्यापुढे वाद संपला.

नारळ शाबूत राहिला की त्याला पिंजर, म्हणजे कुंकू, लावायची. मालाचा मालक गाऱ्हाणं घाली, "बा देवा रामेश्वरा, ही गाडी घाट चढान सुखरूप जांव दे," आणि जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणत. कायतान शेवटी छातीवर क्रूस काढी. रामेश्वर आणि मरिया सायबीण दोघांनाही कामाला लावलेलं बरं, असा त्याचा हिशेब. मग तो नारळ सुंभानं गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधायचा आणि गाडी सुटायची. कसाल, कणकवली, फोंडा, वर राधानगरीपर्यंत चहावाल्यांपासून नाक्यावरच्या शिपायापर्यंत सगळे पिंजर लावलेला नारळ ओळखत. नारळाची गाडी आली, म्हणत. कोल्हापूरचे व्यापारी त्या गाडीचा माल फारशी कटकट न करता उतरवून घेत.

मुळात तो नारळ गाडीची परीक्षा घ्यायला ठेवलेला. पण हळूहळू लोकांनी गाडीकडे बघायचंच सोडून दिलं आणि ते नारळाकडे बघू लागले. कायतानला हे कळत नव्हतं असं नाही. त्याला ते आवडत होतं. कुणाला आवडणार नाही?

गोवा सुटल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. कुंभारमाठाचे दाजी, चार पिढ्यांची बाग सांभाळणारा चिवट म्हातारा, सकाळीच शेडमध्ये येऊन बसले. आदल्या वर्षी त्यांनी दुसऱ्या एका दलालाच्या भरवशावर माल धाडला होता. तो कुठल्या गाडीतून कुठल्या गाडीत गेला देव जाणे. कोल्हापुरात पेट्या उघडल्या तेव्हा गवतात नुसता रस होता.

"आंवदा माल तुझ्या भरवशार," दाजी म्हणाले. "पण माझो गडी तापान पडलो हा. वांगडा जावक माणूस पण तुझोच व्हयो."

मालाबरोबर मालकाचा माणूस जाणं ही रीतच होती. तो ड्रायव्हरशेजारी बसे, वाटेत पेट्यांवर पाणी मारी आणि व्यापाऱ्याकडे माल मोजून देई. कायताननं इकडं तिकडं बघितलं, तेवढ्यात त्याचा मुलगा वॉल्टर म्हणाला, "मी जातंय."

वॉल्टर बावीस वर्षांचा होता. अंगानं बापासारखा रुंद, स्वभावानं आईसारखा कमी बोलणारा. पावसाळा संपला की मुंबईला जाऊन जहाजावर चढणार होता. बोटीवरच्या मामानं सगळं ठरवलं होतं, वॉल्टरसाठी आईनं लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता. मालवणच्या उकाड्यात लोकर घेऊन बसलेली रोझालिना हा त्या उन्हाळ्यात आळीतल्या बायकांच्या थट्टेचा विषय होता.

"घाटात माझ्या झिलाक कित्याक धाडतंस?" ती दारातून म्हणाली. "दुसरो कोण गावलो नाय?"

"लवूची गाडी आसा गो," कायतान म्हणाला. "लवूची!"

लवू म्हणजे कायतानचा हुकमाचा एक्का. कट्टा गावचा राहणारा, हिरव्या गाडीचा मालक आणि ड्रायव्हरही तोच. बारा वर्षं तो नारळावर गाडी थांबवत होता आणि एकदाही नारळाला तडा गेला नव्हता. त्याही दिवशी भरलेली गाडी घाटीवरून अशी उतरली की दाजी बाकावरून उठलेसुद्धा नाहीत. चाक नारळाला टेकलं. कायताननं ओढून बघितलं. नारळ हलेना. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, वॉल्टर खिडकीतून आईला हात करून गेला आणि कायतान निवांत आंघोळीला गेला.

दुपारी कसालहून येणारी एस.टी. शेडपाशी थांबली आणि राधाबाई उतरली. ती आळीतली, माहेराहून परत येत होती. बातमी पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

"काय रे कायतान, लवूचा लगीन ठरला काय?" ती तिथूनच ओरडली. "कसालाक वऱ्हाड भरता तो गाडयेत. पताके काय, आंब्याच्या पानांचे टाळे काय!"

"खंयचो लवू?"

"तुझोच मरे. हिरव्या गाडयेचो."

कायतान हसला. "लवू आतापर्यंत फोंड्याक पोचलो असतलो. दुसरी कोणाची गाडी असात ती."

"मगे माझे डोळे फुटले म्हण. माझ्याकडे बघून हात केल्यान तेना."

कायतानच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. त्यानं एकच प्रश्न विचारला. "गाडयेक नारळ होतो?"

राधाबाईनं आठवून बघितलं. "नारळ? नाय बाबा. नारळबिरळ काय नाय."

ती निघून गेली. कायतान रस्त्यात उभा राहिला. गाडी लवूकडे आहे, तर माल कुठं आहे? आणि नारळ कुठं आहे? तिसरा प्रश्न त्यानं मनातसुद्धा विचारला नाही. तो मागून आला.

"वॉल्टर?" रोझालिना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातात लोकर तशीच होती.

"बघून येतंय," एवढंच तो म्हणाला.

पोस्टातून फोंड्याला फोन लावायचा, तर तो लागेपर्यंत गाडी कोल्हापूर गाठेल, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं बाजारातून भिकाजीची टॅक्सी काढली. ती टॅक्सी म्हणजे गावाची करमणूक होती. एक दार दोरीनं बांधलेलं, हॉर्न बेडकासारखा, आणि चढ लागला की भिकाजी उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावी. एरवी कायताननं तिला नारळापर्यंतसुद्धा येऊ दिलं नसतं. आज दुसरं काही नव्हतं.

"काय झाला?" भिकाजीनं विचारलं.

"हाक तू," कायतान म्हणाला, आणि भिकाजी जन्मात पहिल्यांदा पुढचं न विचारता निघाला.

कसालच्या तिठ्यावर ताशे वाजत होते. हिरव्या गाडीला केळीचे खांब बांधले होते, बायका पोरं मागे चढत होती आणि लवू पांढरा सदरा घालून, पान चघळत, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आजीला उचलून वर घेत होता. कायतान टॅक्सी थांबायच्या आधीच उतरला.

"वॉल्टर खंय?"

लवू आधी हसला. हसायची त्याला सवयच होती. "अरे कायतान! तू हयसर खंय? पान खातंस?"

"वॉल्टर खंय, रे?"

"गेलो फुडे, मालावांगडा." लवूनं आजीला नीट बसवलं आणि खाली आला. "ह्या वऱ्हाडाची गाडी अडली, वाडीक जावचा आसा तेंका. लोक पाया पडाक लागले. तसो घाटावयलो एक शंकर म्हणून आसा, गडहिंग्लजचो, तेची गाडी रिकामी परत जाय होती. तेच्यात माल चढवून दिलंय. उद्या सकाळी कोल्हापुरात. तुका काम झाल्याशी मतलब मरे, गाडी कोणाची ती होयना."

"आणि भाडा?"

लवू वऱ्हाडाकडे बघू लागला. तेवढ्यावरून कायतानला कळायचं ते कळलं. भाडं लवूचं, वऱ्हाडाचंही लवूचं, आणि त्या शंकरला काय मिळालं असेल ते त्याचं नशीब. पण भाड्याचा विचार त्याच्या डोक्यात क्षणभरही टिकला नाही.

"ते गाडयेचे ब्रेक बघलंस?"

लवूनं बाजूला वळून पान थुंकलं. "चढाची वाट ती. चढाक ब्रेक कित्याक लागतत?"

बारा वर्षं नारळावर चाक टेकवणारा माणूस हे बोलत होता. कायतान त्याच्याकडे बघतच राहिला.

"तो शंकर काय म्हणालो?"

"हँडब्रेक जरा सैल आसा म्हणालो. सैल म्हणजे... धरता थोडोफार."

"आणि माझो झील बसलो थंय? काय बोललो नाय?"

"पयलो बसाक तयार नव्हतो," लवू म्हणाला. आता तो जमिनीकडे बघत होता. "पापाक इचारूक व्हया म्हणालो. मगे नारळ सोडलंय माझ्या गाडयेचो आणि तेच्या गाडयेक बांधलंय. तसो बसलो."

कायतानचा हात वर गेला. ताशेवाल्यांनी ताशे थांबवले. लवू मागे सरकला नाही, मार खायला तयार असल्यासारखा उभा राहिला, आणि त्याला मारण्यात जाणारा वेळसुद्धा आपल्याजवळ नाही हे कायतानला त्याच क्षणी कळलं. भिकाजीचा बेडूक ओरडला. कायतान वळून टॅक्सीत बसला.

कणकवली गेली. फोंड्याचा रस्ता लागला. कायतान डॅशबोर्डवर हात टेकून पुढे झुकून बसला होता, जणू तसं बसल्यानं गाडी लवकर जाणार होती. भरलेल्या गाड्या फोंड्याला थांबतात, ऊन उतरेपर्यंत. इंजिन तापतं म्हणून भर उन्हात कुणी घाट धरत नाही. हा शंकरही थांबला असेल. थांबलाच पाहिजे.

त्याला वॉल्टरचा राग आला. एवढासा होता तेव्हापासून चाकांमध्ये वाढलेला पोरगा. उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेक-ड्रमला हात लावून किती तापलाय ते सांगायचा. नुसत्या आवाजावरून ब्रेकचा कुठला पट्टा घासतोय ते ओळखायचा. तो त्या गाडीखाली वाकून बघता तर एका क्षणात उतरला असता. पण वाकला नाही. कारण पुढं बापाचा नारळ बांधलेला होता. हे मनात आल्यावर राग कुठं ठेवायचा ते कायतानला कळेना. वॉल्टरवरचा उडाला, लवूवरचा होता तेवढाच राहिला, आणि उरलेला सगळा त्याच्या स्वतःकडे वळला.

"देवा," तो मोठ्यानं म्हणाला, "ते गाडयेक फोंड्याक पंचर कर."

फोंड्याला नाक्यावर आनंदीबाईचं चहाचं हॉटेल होतं. घाट चढणारी प्रत्येक गाडी तिथं थांबायची. समोरच्या मैदानात तीन गाड्या उभ्या होत्या, पण एकीलाही नारळ नव्हता.

"आत्ताच गेली," आनंदीबाई म्हणाली. "हे कप अजून धुवक नाय बघ. माका वाटला, ऊन जरा जास्तच आसा, पण ड्रायव्हरक घाई होती."

"क्लीनर आसा तेच्याकडे?"

"नाय. क्लीनर पळान गेलो म्हणालो. तुझोच झील ठोकळो घेवन मागसून चलतलो." तिनं कायतानच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. "नारळाची गाडी, म्हणून मी काय इचारलंय नाय रे."

घाटात भरलेली गाडी दमली, थांबली, की क्लीनरनं पळत जाऊन मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. हँडब्रेक चांगला असेल तर ठोकळा नुसता आधाराला. हँडब्रेक नसेल तर सगळी गाडी, सगळे आंबे, त्या एका लाकडावर आणि ते लावणाऱ्या माणसावर. कायताननं स्वतः हे काम केलं होतं. बाजूनं लावायचा, मागून कधीच नाही. हे वॉल्टरला शिकवलं होतं का? शिकवलं असेल. आठवत नव्हतं.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर रस्त्यात गवताच्या काड्या पडलेल्या दिसल्या, आंब्याच्या पेट्यांतल्या. दुसऱ्या वळणावर जळक्या क्लचचा वास आला. भिकाजीनं नाक मुरडलं. तिसऱ्या वळणावर टॅक्सीच्या तोंडातून वाफ निघाली आणि ती दोनदा खोकून थांबली.

"पाणी घालूक व्हया," भिकाजी म्हणाला. "दोन मिनटां."

वरच्या अंगाला, झाडीतून, इंजिनाचा आवाज येत होता. ओढून ओढून चाललेला, मध्येच दबणारा. कायतान उतरला. घाटाच्या वळणांना छेद देत लाकूडतोड्यांची एक पायवाट सरळ वर जात होती. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस ती वाट धरून पळत सुटला. कारवीच्या काटक्या तोंडावर बसत होत्या, चप्पल एक कुठं गेली ते कळलं नाही. मरिया माते, असं तो म्हणत होता, आणि मध्येच बा रामेश्वरा, आणि पुन्हा मरिया माते.

तो वरच्या रस्त्याला लागला तेव्हा गाडी त्याच्या डोळ्यासमोर होती. वळणाच्या ऐन उभ्या चढावर. निळा रंग उडालेली, मागं पेट्यांची उंच रास. गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि मागच्या चाकाच्या बाजूनं वॉल्टर चालत होता, दोन्ही हातांत ठोकळा धरून, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. बाजूनंच चालत होता. कायतानचा जीव जरा भांड्यात पडला.

"वॉल्टर!"

त्याच क्षणी इंजिन बंद पडलं.

सगळा घाट एकदम गप्प झाला. गाडी एक क्षण जागच्या जागी राहिली. वॉल्टर वाकला, ठोकळा चाकाला लावला. लाकूड करकरलं आणि गाडी त्यावर बसली. आतून ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. मग ठोकळा मधोमध उभा चिरला, आणि भरल्या गाडीला पायाचा ब्रेकही पुरेना.

"सोड!" कायतान ओरडला. "सोड ता! बाजूक हो!"

वॉल्टरनं बापाचा आवाज ऐकला. त्यानं मान वळवून बघितलंही. पण गाडी सरकत होती, खालच्या वळणावर भिकाजीची टॅक्सी होती, आणि शेजारीच रस्त्याच्या कडेला एक मोठा दगड पडला होता. त्यानं तो दगड उचलला आणि चाकामागं सरकवला. ह्या वेळी बाजूनं लावायला जागा नव्हती.

दगडानं चाक अडलं नाही, पण वळलं. आत बसलेल्या शंकरनंही जीव खाऊन स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं होतं. गाडीचं बूड दरीकडे जायचं ते गटारात गेलं आणि कातळावर आपटलं. पेट्या सुटल्या. आंबे रस्त्यावरून खाली घरंगळत गेले, टॅक्सीपर्यंत.

कायतान पोचला तेव्हा वॉल्टर रस्त्यावर बसला होता. डावा पाय दगड आणि चाक यांच्यामध्ये होता. तो ओरडत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

शंकर केबिनमधून उतरून आला. काळा, किडकिडीत माणूस. "म्या हिरव्या गाडीवाल्यास्नी सांगितलं हुतं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "हँडब्रेक धरत न्हाई म्हनून सांगितलं हुतं. ते म्हनले, नारळ हाय, काय हुत न्हाई."

कायताननं मान वर करून बघितलं. गाडीच्या पुढच्या दांड्याला नारळ तसाच होता. पिंजर लावलेला, सुंभानं नीट बांधलेला. त्याला साधा ओरखडासुद्धा आला नव्हता.

त्यानं मुलाचं डोकं आपल्या छातीशी धरलं. "कित्याक बसलंस रे ह्या गाडयेत," तो म्हणाला. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं.

"नारळ होतो ना, पापा," वॉल्टर म्हणाला.

भिकाजी, शंकर आणि खालून आलेल्या गाडीची माणसं यांनी मिळून चाक उचललं. वॉल्टरला घेऊन जाताना त्या खटारा टॅक्सीनं वाटेत एकदाही दम खाल्ला नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी बांधून दिलं, मिरजेच्या डॉक्टरांनी पाय घोट्यापासून काढला. दाजींचे निम्मे आंबे घाटातल्या माकडांनी खाल्ले. त्याबद्दल दाजी कायतानला एक शब्दही बोलले नाहीत. उलट मिरजेला जाऊन वॉल्टरच्या उशाशी तीन दिवस बसले. स्वेटर रोझालिनानं पुरा केला. जहाज नव्हतं, तरी केला. मालवणात तो घालायची कधी वेळ येत नाही, आणि तिनं तो कुणाला दिलाही नाही.

कायताननं शेड बंद करायचं ठरवलं होतं. वॉल्टर म्हणाला, नको. मग दोघं बापलेक अंगणात बसून बरेच दिवस बोलले, आणि पुढच्या हंगामात शेड उघडली तेव्हा पद्धत बदललेली होती. चाक टेकेपर्यंत सगळं पहिल्यासारखंच. गाऱ्हाणंही तेच. पण नारळ आता गाडीला बांधत नसत. वॉल्टर शेडच्या दारात स्टुलावर बसायचा, कुबडी भिंतीला टेकवलेली, मांडीवर कोयता. नारळ तिथंच फोडायचा. ड्रायव्हरनं एक तुकडा खायचा, मालकानं एक, आणि मालाबरोबर जाणाऱ्या माणसानं गाडीखाली वाकून स्वतः बघून आल्यावर एक. पोटात गेलेला नारळ सोडून दुसऱ्या गाडीला बांधता येत नाही.

एप्रिलच्या शेवटी, एका सकाळी, घाटीच्या माथ्यावर हिरवी गाडी दिसली.

लवू वर्षभर कुणाला दिसला नव्हता. गोव्याकडे खाणींवर गाडी चालवतो, असं लोक सांगत. त्याला माल कोण देणार? म्हणून त्यानं पठारावरच्या खाणीतून चिरे भरून आणले होते, स्वतःच्या खर्चानं, काठोकाठ. शेडसमोर दाजींच्या गाडीसाठी नारळ मांडलेलाच होता. दाजी, राधाबाई, भिकाजी, सगळे होते. पण मांडलेला नारळ कुणी उचलला नाही.

गाडी घाटी उतरली. चाक आलं, हळू झालं आणि नारळाला टेकलं. लवू खाली उतरला. केस पांढरे झाले होते. त्याला आता हसायची सवय राहिलेली दिसत नव्हती.

कायताननं वाकून नारळ ओढला. निघेना.

"हात तसोच आसा तुझो," तो म्हणाला. "ब्रेकपण बरे आसत."

लवूनं गाडी वीतभर मागं घेतली. नारळ सुटला, आणि कुणी सांगायच्या आधी भिकाजीनं तो वॉल्टरच्या हातात नेऊन दिला. वॉल्टरनं एका घावात फोडला. एक तुकडा दाजींना दिला, एक बापाला. मग तो कुबडी घेऊन उठला. स्टुलापासून गाडीपर्यंत अंतर थोडंच, पण त्याला वेळ लागला, आणि तेवढा वेळ लवू मान खाली घालून उभा राहिला. दारात रोझालिना येऊन थांबली होती.

वॉल्टरनं तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "खा," तो म्हणाला.

लवूनं मुठीत धरला. त्याला तो तोंडात घालवेना. "मगे... माल?" त्यानं कायतानकडे न बघता विचारलं.

"माल नाय," वॉल्टर म्हणाला. "खा तू. नारळाचो काय दोष नाय."

लवूनं तो तुकडा सगळ्यांसमोर खाल्ला. चावायला त्याला फार वेळ लागला. मग तो वर चढला, चिऱ्यांनी भरलेली गाडी वळवली आणि घाटी चढू लागला. रोझालिना केव्हाच आत गेली होती. दाजींची गाडी येऊन मागं उभी राहिली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वॉल्टर मात्र कुबडीवर तसाच उभा होता आणि हिरवी गाडी वर दिसेनाशी होईपर्यंत तिच्या मागच्या चाकाकडे बघत राहिला.